कमल बसदी : आठशे वर्षांचा ठेवा आणि आपले दान

रबाळे, घणसोली, वाशी परिसरातील आपल्या समाजाचे अनेक व्यापारी बंधू कामानिमित्त पुणे-बेंगळुरू महामार्गाने हुबळीकडे जात असतात. वाटेत बेळगाव लागते. तेथील किल्ल्यात आठशे वर्षांपूर्वीचे एक जिनालय आजही उभे आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. ‘कमल बसदी’ हे त्याचे नाव. ‘बसदी’ म्हणजे जैन मंदिर. संस्कृतमधील ‘वसति’ या शब्दाचे हे कन्नड रूप.

बेळगावचे प्राचीन नाव वेणुग्राम. तेथे रट्ट वंशातील चौथा कार्तवीर्य राज्य करीत असताना, इ. स. १२०४ च्या सुमारास, त्याचा मंत्री बीचिराज याने हे जिनालय बांधले. बांधणी उत्तरकालीन चालुक्य शैलीची आहे. मंडपातील काळ्या पाषाणाचे स्तंभ घासून गुळगुळीत केलेले आहेत. गाभाऱ्यात भगवान नेमिनाथांची कृष्णपाषाणाची मूर्ती विराजमान असून आदिनाथ व सप्तफणाधारी पार्श्वनाथ यांच्या मूर्तींचेही दर्शन घडते.

मंदिराला नाव मिळाले ते मुखमंडपाच्या छतामुळे. छताच्या मध्यभागी खाली झुकलेले एक भव्य पाषाणकमळ आहे. त्याच्या ७२ पाकळ्यांत भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही चोविशींचे तीर्थंकर कोरले आहेत. जे आपण स्तवनांतून म्हणतो, ते शिल्पकाराने दगडात मांडले. मान वर करून पाहणाऱ्याला शास्त्र न वाचताही तिन्ही काळांचे वंदन घडते.

व्यापारी वाचकांना अधिक मोलाचा वाटेल तो या जिनालयाशी जोडला जाणारा लेखी पुरावा. इ. स. १२०४ चे दोन कन्नड शिलालेख बेळगावहून पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले व आजही तेथेच आहेत. राजाने शुभचंद्र भट्टारकांच्या स्वाधीन उंबरवाणी गावाचे उत्पन्न केल्याची नोंद त्यांत आहे. त्याचबरोबर व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने लावून घेतलेल्या पट्टीचाही उल्लेख आहे. त्यात घोड्यांचा व्यापार आहे, तसेच मिरी, हळद, पान, सुपारी, नारळ असे जिन्नसही आहेत. देणाऱ्यांत स्थानिकांबरोबर लाट म्हणजे गुजरात आणि मलबार येथून आलेले व्यापारीही होते.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर या मंडळींनी केवळ बांधकामाचा खर्च उचलला नाही. देखभालीसाठी कायमचे उत्पन्न बांधून दिले. पूजा चालावी, मुनींचा आहार व्हावा, पडझड वेळीच सावरली जावी, याची तरतूद आधीच केलेली होती.

आजची स्थिती काय? कमल बसदी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, म्हणून ती सुस्थितीत आहे. जवळचीच ‘चिक्की बसदी’, म्हणजे लहान बसदी, मात्र भग्नावस्थेत आहे. तिच्या दर्शनी भागावर नर्तक, वादक व फुलांची सुबक ओळ कोरलेली आहे. एकेकाळी तीही शिल्पकलेचा उत्तम नमुना मानली जात असे. एकाच किल्ल्यातील या दोन वास्तू पाहिल्या की सांभाळ आणि उपेक्षा यांतील अंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

संरक्षित नसलेल्या जुन्या मंदिरांना दुसराही धोका आहे, आणि तो आपल्या श्रद्धेतूनच येतो. जीर्णोद्धाराच्या उत्साहात पाषाणावर संगमरवर चढतो, स्तंभांना तैलरंग लागतो, शिलालेखाचा दगड फरशीखाली जातो. दात्याची पाटी नवी होते आणि आठशे वर्षांपूर्वीच्या दात्याचे नाव कायमचे पुसले जाते.

आपापल्या मूळ गावच्या जुन्या मंदिराकडे या दृष्टीने एकदा पाहावे, अशी वाचकांना विनंती आहे. काम काढण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा, प्रत्येक लेखाचे व मूर्तीचे छायाचित्र जपावे, आणि देणगीचा काही भाग मुद्दल म्हणून ठेवून त्याच्या व्याजातून गळती, निचरा, स्वच्छता अशी साधी कामे दरवर्षी करावीत. अशा खर्चाची पाटी लागत नाही. पण त्यामुळेच पाटी लावण्याजोगे मंदिर पुढच्या पिढीला मिळते. वेणुग्रामच्या व्यापाऱ्यांना हा हिशेब आठशे वर्षांपूर्वी उमगला होता.