गोधडीची उलटी बाजू

पैठणात पैठणी दाखवायला काढली, की जाणती बाई पदर आधी उलटवून पाहते. रेशमाचे धागे एकमेकांत अडकवत नक्षी विणलेली असल्यामुळे हातमागाच्या खऱ्या पैठणीच्या पाठीला लोंबते धागे नसतात. मोर पुढून दिसतो, तसाच जवळजवळ मागूनही दिसतो. २०१० साली पैठणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला; पण पाठ पाहून पारख करण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची.

आज मात्र बोलायचे आहे गोधडीविषयी, आणि तीही वर चित्र रंगवलेल्या गोधडीविषयी. सुती कापडावर मोर, मुनिया, कमळ हौसेने रंगवले जातात. चित्र पुरे होते आणि पुढचे काम अडते. कारण रंग एकाच बाजूला असतो, टाका मात्र दोन्ही बाजूंना दिसतो.

नातीसाठी मी पहिली अशी गोधडी केली, तेव्हा घाईत जुन्या लुगड्याचा लाल काठ कडेला लावला. तो रंग सोडतो का, हे पाहिलेच नाही. पहिल्याच धुण्यात कडेच्या दोन्ही मुनियांनी पान खाल्ल्यासारखे झाले. चूक माझीच. तेव्हापासून कडेची पट्टी आणि अस्तर मी आधी भिजवून, ओले असतानाच पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहते. नवे सुती कापडही रंगवण्यापूर्वीच धुऊन घ्यावे. त्यातली खळ जाते आणि आटायचे ते आटून जाते. नाहीतर आधीच आटलेल्या जुन्या साडीच्या थरांवर ते नंतर आटते आणि गोधडीला कायमच्या चुण्या पडतात.

कापडावरचे रंग पूर्ण वाळल्यावर, रंगाच्या बाटलीवर सांगितले असेल तसे, उलट बाजूने इस्त्री फिरवून पक्के करायचे. मग अस्तर, मधले थर आणि वर चित्र. अस्तर चारही बाजूंनी दोन-तीन इंच मोठे ठेवा. टाके घालताना वरचे थर सरकतात. आपली नेहमीची गोधडी पुष्कळदा कडेपासून आत, चौकोनात चौकोन अशी शिवत नेतात. चित्राच्या गोधडीला मी उलटे करते. मधून सुरुवात केली, की चुण्या बाहेर ढकलल्या जातात. आधी लांब कच्चे टाके, नंतर धावदोरा.

सुई चित्रातून न नेता चित्राच्या कडेने न्यायची. साध्या कापडात सुईचे भोक धुतल्यावर मिटते. रंगाचा जाड थर चढला असेल, तर तिथे ते तसेच राहते. टाका चुकला म्हणून उसवला, तरी खूण राहतेच. मोराच्या बाह्यरेषेला लागून धावदोरा घातला, की मोर थोडा फुगून वर येतो आणि मागच्या कोऱ्या अस्तरावरही त्याचा आकार उमटतो. मला तरी ती मागची बाजूच अधिक देखणी वाटते. दोऱ्याची गाठ मात्र ओढून थरांच्या आत दडवायची. अंगाला लागते ती हीच बाजू, आणि लहान मुलाच्या गालाला गाठ टोचते.

कडा आधी कापू नयेत. सगळे टाके झाल्यावरच चारी बाजू सरळ छाटायच्या. अडीच इंचांची पट्टी पुढून शिवून मागे दुमडायची आणि मागच्या बाजूने हाताने बारीक टाके घालायचे. कोपऱ्यात तिरकी घडी. इथे मशीन मारली, तर पुढची शिवण सरळ येते आणि मागची पट्टीवरून घसरते. पट्टीसाठी धड पैठणी कापायचा मोह कोणी करू नये. रेशीम सुताबरोबर धुण्यात टिकत नाही.

भिंतीवर टांगायची असेल, तर मागे वरच्या कडेला कापडाची नळी शिवून त्यातून काठी घालावी. खिळ्यांनी कोपरे ताणले जातात. माझ्या नातीची गोधडी काही भिंतीवर गेली नाही. पान खाल्लेल्या मुनिया वर करून ती पांघरते. अस्तर एकदा बदलून झाले आहे.