जड पाणी : भीती कशाची, काळजी कशाची?

छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरोघरी धावपळीचा दिवस. ड्रम, हंडे, कळशा, बादल्या, अगदी मोठी पातेलीसुद्धा भरून ठेवावी लागतात. पैठणच्या जायकवाडी धरणातून सुमारे पन्नास किलोमीटरवरून येणारं हे पाणी रोज मिळत नाही, काही दिवसांच्या खंडानं मिळतं. मधले दिवस भागतात ते बोअरवर, हापशावर आणि टँकरवर. कितीतरी घरांत बोअरचं पाणी वरच्या टाकीत चढवून त्याच नळाला सोडलेलं असतं. म्हणजे नळ एकच, पण पाणी दोन तऱ्हेचं.

या बोअरच्या पाण्याबद्दल आपल्या वस्त्यांत तक्रारी ठरलेल्या असतात. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, केस राठ होतात, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे या पाण्यानं मुतखडा होतो. यातलं खरं किती, ते आपण या वेळी समजून घेऊ.

पाणी जड का होतं?

मराठवाड्याच्या जमिनीखाली काळा खडक आहे. पावसाचं पाणी या खडकाच्या भेगांतून झिरपतं, तेव्हा वाटेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे क्षार विरघळवून घेतं. हे क्षार जास्त असलेल्या पाण्याला जड किंवा दुष्फेन पाणी म्हणतात. धरणात साठलेल्या पाण्याचा मोठा भाग खडकात न मुरता जमिनीवरून वाहत आलेला असतो, म्हणून ते बहुधा बोअरइतकं जड नसतं. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरं पाणी मिळतच नसेल, तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो.

घरी अंदाज घेणं सोपं आहे. एका बाटलीत बोअरचं आणि दुसरीत नळाचं पाणी सारखंच घ्या. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोरात हलवा. जड पाण्यात फेस कमी येतो आणि पांढरट साका जमतो. हा प्रयोग कपड्यांच्या पावडरनं करू नका, कारण पावडरीला जड पाण्यातही फेस येतो.

नुकसान होतं ते खिशाचं

साबणातला मोठा भाग या क्षारांशी बांधला जाऊन साका होतो, म्हणून साबण लवकर संपतो. डाळीच्या आणि चण्याच्या सालीत कॅल्शियम शिरलं की साल मऊ पडत नाही, म्हणून शिट्ट्या वाढतात आणि गॅस जळतो. पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा थर चढला की पाणी तापायला वेळ लागतो आणि रॉड लवकर जळतो.

यावर साधे उपाय आहेत. नळाचं पाणी पिण्यासाठी आणि डाळ-कडधान्यासाठी राखून ठेवा. बोअरचं पाणी भांडी, फरशी आणि संडासासाठी वापरा. डाळ रात्री नळाच्या पाण्यात भिजत घाला. चिंच-टोमॅटो डाळ मऊ झाल्यावरच टाका, कारण आंबटानंही डाळ शिजायला उशीर होतो. कपडे भिजवताना पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकला तर साबण कमी लागतो. हा सोडा खाण्याचा नव्हे, तो मुलांच्या हाताला लागू देऊ नका. रॉडवरचा थर काढायचा असेल तर आधी प्लग काढा आणि रॉड पूर्ण गार होऊ द्या. मग तो लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा, थर सुटतो. एक मात्र कधीही करू नका. मोरीचे डाग काढायचं ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि लहानशा मोरीत जीव गुदमरतो.

अंगाला खाज, केसांना राठपणा

जड पाण्यात साबण नीट धुतला जात नाही. त्याचा साका अंगावर आणि केसांत राहतो, त्यामुळे कातडी कोरडी पडते आणि केस राठ होतात. साबण कमी लावा, शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा घ्या आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावा. पण गोल चट्टे पडून कडेला खाज येत असेल, तर तो गजकर्ण आहे आणि तो बुरशीमुळे होतो, पाण्यामुळे नव्हे. मेडिकलमधून मनानं घेतलेल्या मलमात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. त्यानं खाज तेवढी दबते आणि गजकर्ण पसरतो. तेव्हा डॉक्टरांनाच दाखवा. केस मूठमूठ गळत असतील तर पाण्याला दोष देण्याआधी रक्त तपासून घ्या. आपल्या बायाबापड्यांत रक्त कमी असणं ही फार जुनी तक्रार आहे.

मुतखड्याचं काय?

जड पाण्यानं मुतखडा होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. उलट पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराच्या उपयोगाचंच असतं. मुतखड्याचं मोठं कारण म्हणजे पाणी कमी पिणं. उन्हात बांधकामावर राबणारा, रिक्षा चालवणारा माणूस घामावाटे पाणी गमावतो, मग लघवी घट्ट होते आणि खडा धरतो. कामाच्या जागी संडास-मोरीची सोय नसते, म्हणून आपल्या बहिणी दिवसदिवस पाणी पीत नाहीत. त्यात पाणी मचूळ लागतं म्हणून आणखी कमी प्यायलं, तर ज्या भीतीनं पाणी टाळलं तेच दुखणं ओढवतं. लघवी फिकट राहील इतकं पाणी प्यावं. उन्हाळ्यात दिवसाला अडीच-तीन लिटर तरी हवं, उन्हात राबणाऱ्याला त्याहून जास्त. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच प्यावं.

खरी काळजी करायची ती दुसऱ्याच गोष्टींची

बोअरजवळ संडासाचा खड्डा किंवा नाला असेल तर पाण्यात दोन गोष्टी उतरू शकतात, जंतू आणि नायट्रेट. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत आणि चवीलाही कळत नाहीत. जंतूंमुळे जुलाब, कावीळ, विषमज्वर होतो. त्यासाठी पाणी खळखळ उकळू द्या, नाहीतर आशाताईंकडून क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण मागून घ्या. उकळल्यावर थोडा जडपणाही खाली बसतो, म्हणून वरचं निवळ पाणी ओतून घ्या.

नायट्रेट मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. मानकाप्रमाणे ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असू नये. वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाला अशा पाण्याचा मोठा धोका असतो. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि अंग निळसर पडतं. म्हणून सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचंच दूध द्या, वरून पाणीसुद्धा नको.

तपकिरी पाण्याची जादू

वस्तीत फिल्टर विकायला येणारा माणूस दोन ग्लासांत सळया बुडवून वीज सोडतो. आपल्या पाण्याचा ग्लास तपकिरी होतो, त्याच्या मशिनच्या पाण्याचा स्वच्छ राहतो. घरातली माणसं घाबरतात आणि हप्त्यावर मशिन घेतात. तो तपकिरी रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. वीज गेल्यावर लोखंडाची सळईच झिजते, तिचा तो गंज असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज चांगली वाहते, म्हणून चांगल्या नळाच्या पाण्यातही हेच घडतं. त्याच्या हातातलं टीडीएस मीटरही फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. त्यात जंतू कळत नाहीत.

आरओ मशिननं जडपणा आणि नायट्रेट दोन्ही कमी होतात, हे खरं आहे. पण एक लिटर पाणी देताना ते बऱ्याचदा दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं. जिथं पाणी विकत घ्यावं लागतं, तिथं हा हिशोब आधी करावा. आणि जारचं पाणी थंड असतं म्हणून ते शुद्ध असतं असं नाही. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही.

म्हणून मशिन घेण्याआधी पाणी तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी होते. प्रत्येकानं वेगळं जाण्यापेक्षा रविवारी विहारात जमल्यावर ठरवून गल्लीतल्या सामाईक बोअरचा एकच नमुना द्यावा. क्षारांच्या तपासणीसाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळून भरा. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू या चारही गोष्टी तपासायला सांगा.

अहवालात नायट्रेट किंवा जंतू निघाले तर त्याची प्रत जोडून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या, पिण्यापुरतं तरी पाणी वस्तीला नियमित मिळावं म्हणून. अर्ज तोंडी नको, लेखी द्या. खाली गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्या घ्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.