फुलामुलांच्या कवीची परीक्षा

मुलांनो, गोंदियाहून पूर्वेकडे निघालेली रेल्वेगाडी डोंगरगडावरून राजनांदगावला पोचते. १८९३ च्या सुमारास याच वाटेने नागपूरहून एक तरुण कवी राजनांदगावला चालला होता. डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्याच्या गप्पा रंगल्या. उतरताना त्या प्रवाशाने त्याला बायबलातला 'नवा करार' भेट दिला. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक! (लोकमान्य टिळक वेगळे बरं का!)

टिळकांनी पुस्तक वाचलं, खूप विचार केला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. झालं! नातलगांवर जणू आभाळच कोसळलं. त्या काळी ब्राह्मणाने धर्म बदलला की तो जातीबाहेर जाई. त्याच्या हातचं पाणीही कुणी पीत नसे. सगळ्यांत मोठा घाव म्हणजे पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू दुरावले. ही ताटातूट चार-पाच वर्षं चालली.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, पण सोवळं-ओवळं सोडायला तयार नव्हत्या. त्यांनी आपली चूल वेगळी मांडली. टिळक स्वभावाने भारी तापट! तरीही धर्माच्या बाबतीत त्यांनी पत्नीवर बळजबरी केली नाही. लक्ष्मीबाई स्वतःच विचार करत गेल्या. माणसामाणसांत शिवाशीव कशाला, असं त्यांना वाटू लागलं. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाने. हे सारं त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहिलं आहे. मिळालं तर जरूर वाचा, हसाल आणि रडालही!

टिळक १९०४ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे पाळक झाले. पण धर्म बदलला म्हणून त्यांनी देश आणि भाषा सोडली नाही. चर्चमध्ये अभंग, कीर्तन आणि टाळ आणले. मुलांसाठी इतक्या गोड कविता लिहिल्या, की लोक त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणू लागले. मिशनच्या चौकटीतही त्यांचं मन रमेना. १९१७ साली त्यांनी पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले.

टिळकांचा धर्म आपल्याला पटो वा न पटो. पण जो हक्क त्यांनी स्वतःसाठी मागितला, तोच पत्नीलाही दिला. आपल्या जवळच्या माणसाचं मत आपल्याहून वेगळं निघालं, तर आपण काय करू? सांगा पाहू!