इमारत आणि अध्यापक

कतारची राजधानी दोहा हिच्या उत्तरेस, समुद्रकाठी, लुसैल हे नवे नगर उभे राहिले आहे. कतार राज्याचे संस्थापक शेख जासिम बिन मोहम्मद यांचा अंत १९१३ साली याच भूमीत झाला. १८ डिसेंबर २०२२ रोजी येथील क्रीडांगणावर फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि या नगराचे नाव सर्वतोमुखी झाले. त्याच्या दोन वर्षे आधी, २०२० साली, येथे लुसैल विद्यापीठ स्थापन झाले होते, ही गोष्ट मात्र थोड्यांसच ठाऊक आहे. २०२१ साली पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचे केंद्रही दोह्यात सुरू झाले.

लुसैलच्या भिंती रचणारे हात बव्हंशी भारत, नेपाळ, बांगलादेश अशा देशांतून आलेल्या कामगारांचे. करार करून समुद्रापार जावे आणि परक्यांचे वैभव आपल्या घामाने उभे करावे, याचा अर्थ ज्यांच्या पूर्वजांनी १८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत जाणला, त्यांस तो नव्याने सांगणे नलगे. इमारत मजुराच्या श्रमाने उभी राहते, हे उघड आहे. पण विद्यापीठ कोणाच्या श्रमाने उभे राहते? विद्यापीठांच्या वार्षिक वृत्तांतांत अध्यापकांचे यश आणि संस्थेच्या रचनेतील बदल अशी दोन प्रकरणे बहुधा असतात. ती दोन्ही एकमेकांत कशी गुंतलेली असतात, हे पाहावयाचे तर पुण्याच्या एका विद्यापीठाचा इतिहास आठवावा.

धोंडो केशव कर्वे १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. विधवांसाठी त्यांनी १८९६ साली आश्रम काढला व पुढे तो पुण्याजवळ हिंगणे येथे नेला. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि तसे विद्यापीठ आपल्या देशातही व्हावे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी ती कल्पना मांडली आणि १९१६ साली विद्यापीठ सुरू झाले. डॉ. रा. गो. भांडारकर कुलपती झाले, रँग्लर परांजपे कुलगुरू झाले; विद्यार्थिनी मात्र अवघ्या पाच! शिक्षण मातृभाषेतून दिले जाई, इंग्रजी हा एक आवश्यक विषय असे आणि पदवीधर स्त्रीस ‘गृहीतागमा’ म्हणत.

या कार्यात राबणाऱ्यांचे यश पदकांनी मोजता येणार नाही. हिंगण्याच्या आश्रमातील पार्वतीबाई आठवले या स्वतः बालपणीच्या संस्कारांनी जखडलेल्या विधवा. इंग्रजी शिकावे आणि आश्रमासाठी द्रव्य मिळवावे म्हणून त्या १९१८ साली एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथे परक्या घरांत मोलकरणीचे काम करून त्यांनी दिवस काढले. पण हेतू सोडला नाही. न. चिं. केळकरांच्या कन्या कमलाबाई देशपांडे यांसही अकाली वैधव्य आले. त्या याच विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, पुढे प्राग येथे जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि आपले आयुष्य स्त्रीशिक्षणास वाहिले. जिला समाजाने घराच्या कोपऱ्यात बसविले, तिनेच पुढे वर्गात उभे राहून इतरांस शिकवावे, याहून मोठे यश ते कोणते?

रचनेतील बदलही लहान नव्हते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लक्ष रुपयांचे दान दिले व विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. १९३६ साली मुख्य कार्यालय मुंबईस गेले. कायद्याने पूर्ण मान्यता मिळावयास मात्र १९५१ साल उजाडावे लागले. म्हणजे पहिल्या पाच मुलींनंतर ३५ वर्षे! मधल्या काळात ज्या मुलींनी तेथील पदवी घेतली, त्यांनी सरकारी शिक्क्यावर नव्हे, तर आपल्या गुरुजनांवर विश्वास ठेवून ती घेतली. शिकवणाऱ्यांनी कंटाळून पाठ फिरविली असती, तर मान्यता द्यावयास पुढे काही उरलेच नसते.

वाचकांस विशेष जवळची वाटावी अशी आणखी एक गोष्ट आहे. १९३० च्या अखेरीस, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कर्वे आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका अशा प्रदेशांत ते सुमारे पंधरा महिने हिंडले आणि तेथे वसलेल्या भारतीयांस आपले कार्य सांगत राहिले. मायदेशातील मुलींच्या शिक्षणाची हाक समुद्रापलीकडे गेलेल्या लोकांच्या दारी अशी येऊन पोहोचली. १९५८ साली कर्वे यांस ‘भारतरत्न’ मिळाले आणि १९६२ साली, १०४ वर्षांचे होऊन, ते निवर्तले.

मॉरिशसच्या बैठकांतही दिवसभर मळ्यात खपून सायंकाळी कंदिलाच्या उजेडात मुलांस अक्षरे गिरवावयास लावणारे गुरुजी होतेच. त्यांची नावे कोणत्याही वृत्तांतात छापली गेली नाहीत. पण मोका येथे १९७० साली महात्मा गांधी संस्था स्थापन झाली आणि तेथे मराठीचे उच्च अध्ययन होऊ लागले, त्या मराठीस तोवर जिवंत ठेवले ते त्या गुरुजींनी.

लुसैलचे विद्यापीठ अद्याप बाल्यावस्थेत आहे. त्याच्या भिंती रचणाऱ्यांच्या मुलांस त्याची दारे कधी काळी उघडी होतील काय, आणि तेथील अध्यापक त्यांची वाट पाहत उभे असतील काय, यावरच त्याचे खरे मोल ठरेल.