पदराआडच्या माई

सिंधुताई सपकाळांची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. नवऱ्यानं भरल्या दिवसांत घराबाहेर काढलं, गोठ्यात लेक जन्मली, दगडानं नाळ ठेचून तोडली, स्मशानात चितेवर भाकर भाजली. ही गोष्ट इतक्या व्यासपीठांवरून सांगितली गेली, की पुढचं वाक्य कोणतं हे आमच्या वऱ्हाडातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण व्याख्यानमालांमध्ये आम्ही काही जण मंचाच्या मागच्या बाजूला असायचो. सतरंज्या उचलायच्या, माइक लावायचा, शेवटी जमलेले पैसे मोजायचे, ही आमची कामं. तिथून माई जरा वेगळ्या दिसत. समोर बसलेल्यांना रडवणारी बाई दिसे. मागं उभ्या असलेल्यांना दिसे ती आयुष्यातलं प्रत्येक देणं-घेणं लक्षात ठेवून एकेक चुकतं करणारी घरधनीण.

नावापासूनच पाहा. 14 नोव्हेंबर 1948 ला वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघे इथं एका गुराख्याच्या घरी मुलगी झाली आणि तिचं नाव पडलं चिंधी. घरात नको असताना आलेल्या लेकीला अशीच नावं मिळत. पुढं त्याच तारखेला देश बालदिन पाळू लागला. हजाराहून अधिक लेकरांच्या आईचा वाढदिवस असा लेकरांच्या दिवसावर आला, आणि चिंधी हे नाव मागं पडून माई तेवढं उरलं.

वडील अभिमानजी साठे यांचा हट्ट होता, पोरीनं शिकावं. आईचा विरोध. मग म्हशी चारायच्या निमित्तानं निघायचं आणि म्हशी पाण्यात बसल्या की शाळा गाठायची. पाटीला पैसे नव्हते म्हणून झाडाच्या पानावर अक्षरं गिरवायची. चौथीनंतर शाळा सुटली, कोवळ्या वयात लग्न झालं आणि नवरगावच्या सासरी वाचायचीही चोरी झाली. तेव्हा किराणा बांधून आलेले कागद आपण उंदराच्या बिळात लपवायचो आणि कुणी नसताना काढून वाचायचो, असं माई सांगत. बिळातल्या कागदांवर वाढलेल्या या बाईच्या भाषणात पुढं बहिणाबाई यायच्या, आपल्या अमरावतीत जन्मलेले सुरेश भट यायचे, आणि सगळं तोंडपाठ. त्यांच्या आधी बोलणारे पदवीधर वक्ते हातातला कागद सारखा करत असत. माईंना कागद लागत नसे.

त्यांना घराबाहेर काढलं गेलं, एवढं सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी त्या एक लढाई जिंकल्या होत्या, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. गावातल्या बायका रानातलं शेण गोळा करायच्या आणि त्याचे पैसे भलत्याच्याच खिशात जायचे. ऐन विशीतल्या सिंधूनं त्यावर तोंड उघडलं. प्रकरण थेट कलेक्टरपर्यंत गेलं आणि निकाल बायकांच्या बाजूनं लागला. ज्याची कमाई बुडाली त्या गावगुंडानं मग एक अफवा सोडली: हिच्या पोटातलं मूल माझं आहे. नवऱ्याचा त्यावर विश्वास बसला. गावच्या बायकांना मजुरीचा हक्क मिळाला, आणि तो मिळवून देणारीला स्वतःचा उंबरठा सोडावा लागला. लोक त्या रात्रीची कहाणी नशिबाची म्हणून ऐकतात. मला ती नेहमी एका जिंकलेल्या आंदोलनाची वाटत आली आहे.

त्या रात्री गोठ्यात एक गाय आपल्या अंगावर उभी राहिली, तिनं इतर गुरांच्या पायांपासून आपल्याला वाचवलं, असं माई म्हणत. श्रोते इथं डोळे पुसत आणि गोष्ट पुढं जाई. गायीचं देणं मात्र माईंनी उघडं ठेवलं नाही. वर्ध्याला त्यांनी गोपिका गायरक्षण केंद्र उभं केलं. एकदा हे कळलं की त्यांच्या संस्थांच्या पाट्या वेगळ्याच वाचता येतात. वर्ध्याचं अभिमान बालभवन हे शाळेत पाठवणाऱ्या वडिलांचं. सासवडजवळ कुंभारवळणचं ममता बालसदन हे पोटच्या लेकीचं. आणि चिखलदऱ्याचं सावित्रीबाई फुले मुलींचं वसतिगृह हे जिच्यामुळं पोरी शाळेत गेल्या तिचं. पाट्यांवरची ही नावं म्हणजे माईंची देणीच होती.

पुण्या-मुंबईकडच्या भाषणांत आणि लेखांत मेळघाटातला चिखलदरा दोन ओळींत आटोपतो. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांची तक्रार हीच आहे, कारण सिंधुताईंच्या माई झाल्या त्या मेळघाटात. 1973-74 च्या सुमारास देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट आला आणि कोरकू गावांवर उठण्याची वेळ आली. प्रकल्पाच्या माणसांनी आदिवासींच्या 132 गायी कोंडून ठेवल्या, त्यांतली एक मेली. पाठीशी पक्ष नाही, संघटना नाही, हाताशी शिक्षण चौथीचं, अशी ही परकी बाई 84 गावांसाठी उभी राहिली. ती वनमंत्री छेदीलाल गुप्तांपर्यंत पोचली आणि आधी पुनर्वसन, मग स्थलांतर, हे तिनं त्यांच्याकडून मान्य करून घेतलं. या लढाईला गायींच्या हंबरण्यानं तोंड फुटलं होतं, हे माईंच्या बाबतीत अगदी जुळण्यासारखं होतं.

त्याच दिवसांतला दुसरा प्रसंग त्या सांगत. इंदिरा गांधी प्रकल्पाच्या निमित्तानं आल्या, तेव्हा माईंनी त्यांच्यापुढं एक फोटो धरला. अस्वलाच्या हल्ल्यात डोळे गमावलेल्या आदिवासीचा. कोंबडी किंवा गाय मेली तर जंगल खातं भरपाई देतं, मग माणसाला का नाही, एवढाच प्रश्न विचारला. भरपाईचा आदेश तिथंच निघाला, असं माईंचं सांगणं. पंतप्रधानांसाठी स्वागताचे हार आणि निवेदनांचे गठ्ठे नेहमीचेच. माईंचा भर एका फोटोवर आणि एका प्रश्नावर होता. पुढं आयुष्यभर त्यांची भाषणं याच पद्धतीनं चालली: एक माणूस दाखवायचा, एक प्रश्न विचारायचा आणि थांबायचं.

पोटच्या ममताला त्यांनी पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे सोपवलं, कारण स्वतःची लेक कुशीत असताना दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडी पहिला घास जाणार नाही, ही भीती. या निर्णयावर मंचामागं आम्ही पुष्कळ वाद घातले. कुणी त्याला त्याग म्हणे, कुणी लेकीवरचा अन्याय. वादाचं उत्तर काळानंच दिलं. दूर ठेवलेली लेक मोठी झाली, शिकली आणि आईच्याच कामात येऊन उभी राहिली.

सगळ्यांत अवघड परत येणं नवऱ्याचं होतं. ज्यांनी घराबाहेर काढलं ते श्रीहरी सपकाळ म्हातारपणी माईंच्या दारात आले. अशा वेळी सभागृहाला सूड हवा असतो किंवा गळाभेट. माईंनी दोन्ही दिलं नाही. आता मी फक्त आई आहे, पत्नी म्हणून जागा नाही, लेकरू म्हणून आहे, असं त्यांनी ठरवलं आणि त्यांना आपला सर्वांत थोरला मुलगा म्हणून लोकांपुढं आणलं. ऐकणारे हसत, टाळ्या वाजवत. मागं उभं राहिलं की त्या एका वाक्यातला निवाडा कळायचा. क्षमा पूर्ण होती, आणि हक्क एकही परत दिलेला नव्हता.

आता पैशांबद्दल. भाषण केलं तर राशन, हे यमक माईंचं स्वतःचं, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. मुलांच्या जेवणाचा मोठा भार व्याख्यानांवर आणि देणग्यांवर होता. भाषण संपलं की त्या पदर पसरायच्या. नवख्या आयोजकांना याचा संकोच वाटे. पाहुणीनं आपल्या मंचावर पदर पसरावा, हे बरं दिसत नाही, अशी कुजबुज आमच्यातही झाली आहे. पैसे मोजायला बसलो की ती कुजबुज थांबायची. कनवटीला घडी घालून ठेवलेल्या दहा-दहाच्या नोटा, घामानं ओलसर झालेल्या, आणि मूठभर नाणी. कापूस वेचून आलेल्या बायांनी मागच्या सतरंजीवरून दिलेले पैसे. रेल्वेच्या डब्यांत आणि फलाटांवर गाणं म्हणून भीक मागणाऱ्या, मिळालं ते इतर भिकाऱ्यांबरोबर वाटून खाणाऱ्या बाईला कुणाकडून मागायचं हे बरोबर कळलेलं होतं.

2010 साली अनंत महादेवन यांचा ‘मी सिंधुताई सपकाळ’ हा चित्रपट आला, लंडनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. तरुणपणच्या सिंधुताई तेजस्विनी पंडित यांनी केल्या आणि उतारवयातल्या ज्योती चांदेकर यांनी. पडद्यावर एकाच बाईची दोन वयं, आणि पडद्यामागं त्या दोघी खऱ्याखुऱ्या मायलेकी. लेकीला दूर ठेवून आई झालेल्या बाईची भूमिका एका आईनं आणि तिच्या लेकीनं वाटून घेतली.

नोव्हेंबर 2021 मध्ये माईंनी राष्ट्रपतींच्या हस्ते पद्मश्री स्वीकारली. दोन महिनेही झाले नसतील, 4 जानेवारी 2022 ला पुण्यात हृदयविकारानं त्या गेल्या. टीव्हीवर अखेरचा निरोप पाहताना कित्येकांना प्रश्न पडला, चिता कुठं आहे? माई महानुभाव पंथाच्या, तो पंथ ज्याचं आद्य पीठ आपल्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. त्या पंथाच्या रिवाजाप्रमाणं पुण्याच्या ठोसरपागेत त्यांना मातीत ठेवण्यात आलं. परक्या चितेच्या आगीवर जिनं भाकर भाजून खाल्ली, तिची स्वतःची चिता कधी पेटलीच नाही.

वऱ्हाडाला अशा माणसांची सवय आहे. शेंडगावचे गाडगेबाबा धर्मशाळा बांधत फिरले आणि स्वतःसाठी एक खोली ठेवली नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारलं. वझ्झरचे शंकरबाबा पापळकर टाकून दिलेल्या दिव्यांग लेकरांना स्वतःचं नाव देतात. ही माणसं आपली, असं आपण अभिमानानं सांगतो. सांगून झालं की मात्र आपलं काम संपल्यासारखं वागतो, आणि मला खंत आहे ती याची.

पावसाळ्यात अमरावती-अकोल्याच्या गाड्या चिखलदऱ्याच्या घाटात रांगा लावतात. धुकं पाहायचं, कॉफी प्यायची, गाविलगड, भीमकुंड, पंचबोल करून परतायचं. पुढच्या वेळी एक थांबा वाढवा. सावित्रीबाई फुले मुलींच्या वसतिगृहाची पाटी शोधा आणि आत जा. फोटो काढायला जाऊ नका. गहू, तांदूळ, डाळ, वह्या, जे जमेल ते घेऊन जा. भाषण करून राशन आणणारी बाई आता नाही. राशन मात्र रोज लागतं.