सूरजागडचं शून्य कुठे सांडलं?

दोस्तांनो, परवा आम्ही शाळेच्या व्हरांड्यात खडूने सहा घरं आखली. लंगडीची नव्हेत, संगणकाची! पहिली पाच घरं गावाचं नाव लिहायला. सहाव्या घरात मी आधीच १ लिहून ठेवला. ते कुलूप. १ म्हणजे बंद, ० म्हणजे उघडं. नियम सोपा : एका घरात एक अक्षर, आणि नाव संपलं की पुढच्या घरात शून्य काढायचं. त्यावरून वाचणाऱ्याला कळतं की नाव इथे संपलं.

एका मुलीने आपल्या तालुक्याचं नाव लिहिलं. ए-टा-प-ल्ली. चार अक्षरं, पाचव्या घरात शून्य. झकास! मग मागच्या रांगेतला एकजण उठला. तो आपलंच गाव लिहिणार, दुसरं काय! सू-र-जा-ग-ड. पाचही घरं भरली.

"बसलं की, गुरुजी!"

"अरे, आणि शून्य?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं, सहाव्या घरातला १ हाताने पुसला आणि तिथे शून्य काढलं. झालं! कुलूप उघडलं. किल्ली चोरली नाही, दार फोडलं नाही. चूक त्याची नव्हतीच. पाच अक्षरांच्या गावाला पाच घरं पुरतील असा हिशोब करणाऱ्याची चूक. म्हणजे माझीच.

सी नावाच्या संगणकभाषेत ही गोष्ट खरोखर घडते, बरं का! १९७२च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ही भाषा तयार केली. भाषा मोठी चपळ, पण भोळी. घरं संपली तरी ती 'थांब' म्हणत नाही, लिहीतच सुटते. तिच्यात 'गेट्स' नावाची एक आज्ञा होती. समोरून येईल तेवढं ती आत घ्यायची, जागा किती आहे ते विचारायचीच नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने एक प्रोग्राम सोडला. ज्या खोडी वापरून तो पसरला, त्यांतली एक हीच. ५१२ घरांच्या जागेत त्याने ५३६ अक्षरं ढकलली! अंदाजे ६,००० संगणक रखडले. 'गेट्स'ला सी भाषेच्या नियमांतून हाकललं ते थेट २०११ साली.

मग अशा चुका आधीच का शोधत नाहीत? शोधतात ना! पण मोठा प्रोग्राम असतो लाखो ओळींचा. वाचता वाचता माणसाचे डोळे दमतात. म्हणून प्रोग्राम वाचणारे प्रोग्राम लिहिले गेले. बेल प्रयोगशाळेतच स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये 'लिंट' लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटणारे बारीक तंतू. ते झटकायचे तशा बारीक चुका झटकायच्या. २००१ मध्ये डेव्हिड व्हीलर यांचा 'फ्लॉफाइंडर' आला. त्याच्याजवळ धोक्याच्या आज्ञांची यादी असते. तो ओळीओळीत त्या हुडकतो आणि धोका किती ते ० ते ५ अशा अंकांनी सांगतो.

पण हा गडी आमच्या गावच्या कुत्र्यासारखा. पान हललं तरी भुंकणार! प्रोग्रामचा अर्थ त्याला कळत नाही. शंभरदा भुंकलेला कुत्रा एकदा खऱ्या चोरावर भुंकला, तर कोण उठतं अंथरुणातून?

म्हणून आणखी अवघड वाट काहींनी धरली. पुण्याला टाटा कन्सल्टन्सीचं एक संशोधन केंद्र १९८१ मध्ये सुरू झालं. तिथल्या मंडळींनी 'व्हेरीअ‍ॅब्स' नावाचा तपासनीस तयार केला. तो नुसती नावं हुडकत नाही. काहीही लिहून दिलं तरी प्रोग्राम नको त्या जागी पोचेल का, हे तो तर्काने सिद्ध करू बघतो, गणितातल्या सिद्धतेसारखं! अशा तपासनीसांची जागतिक स्पर्धा असते. तिच्या एका मुख्य विभागात २०१९ आणि २०२० साली पुण्याचा हा गडी पहिला आला.

आता एक निसटलेला चोर. एकाने म्हणायचं, "माझं नाव वीस अक्षरी, वाचून दाखव," आणि लिहायची फक्त पाच. भोळा संगणक पाच वाचतो आणि शेजारच्या घरांतली पंधराही वाचून दाखवतो! त्यात दुसऱ्याचा पासवर्ड असला तर? 'ओपनएसएसएल' या प्रोग्रामात अगदी हेच होत होतं. जगभरातल्या असंख्य वेबसाइटचं ते कुलूप. एका वेळी चौसष्ट हजारांच्या आसपास घरं वाचता येत. मार्च २०१२ पासून खोट होती, उघड झाली एप्रिल २०१४ मध्ये. तिचं नाव पडलं 'हार्टब्लीड'. तेव्हाच्या नामांकित तपासनीसांनाही ती दिसली नव्हती. गूगलमधल्या आणि फिनलंडच्या कोडेनोमिकॉन कंपनीतल्या अभियंत्यांनी ती वेगवेगळी शोधली. पालकांनो, तेव्हा सगळ्यांना पासवर्ड बदला म्हणून सांगत होते, आठवतं?

हे सगळं सांगून झाल्यावर तीच मुलगी विचारते कशी, "गुरुजी, संगणकाला मराठी अक्षर एका घरात मावतं?"

नाही मावत! आजच्या नेहमीच्या पद्धतीत आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन घरं लागतात, आणि काना, उकार वेगळे मोजले जातात. सूरजागड म्हणजे स, ऊकार, र, ज, काना, ग, ड. सात चिन्हं, एकवीस घरं. शून्याचं धरून बावीस. एटापल्लीत आठ चिन्हं, कारण तिथे हलन्तही मोजायचा. शून्यासह पंचवीस घरं!

मुलांनी लगेच खडू उचलले. व्हरांडा पुरेना. शेवटची घरं पायऱ्यांवरून उतरून अंगणात गेली, आणि कुलपाचा १ कुठे लिहायचा यावर घंटा होईपर्यंत भांडण चाललं होतं.