अर्ध्या भिंतींचे भुयार

गेल्या वर्षी जानेवारीत मी मुलाकडे मिनिआपोलिसला होतो. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत माझ्या झोपेचा खेळखंडोबा. तिथे मध्यरात्र उलटते तेव्हा पुण्यात दुपारची जेवणे होत असतात आणि शरीर काही केल्या पुण्याचे घड्याळ सोडत नाही. अशाच एका रात्री दोन वाजता मी घराच्या तळघरात उतरलो आणि बारा वर्षांच्या नातवाचे एक राहिलेले काम परस्पर उरकून टाकले.

तळघरात एक लांबरुंद टेबल होते. त्यावर दोन खोकी. खोक्यांत दगडासारखे दिसणारे शेकडो तुकडे होते. फरशीचे, भिंतीचे, कोपऱ्याचे, कमानीचे, जिन्याचे. शेजारी नातवाने स्वतः आखलेला ग्राफपेपर : नऊ दालने, तीन बोळ, एक विहीर. दुसऱ्या दिवशी रविवार. त्याचे चार मित्रमैत्रिणी खेळायला येणार होते. बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला अर्धवट हिशेब बघवत नाही. मी नकाशाबरहुकूम तुकडा न् तुकडा लावला. पहाटे साडेचारला ताळा जमला आणि मी समाधानाने झोपलो.

सकाळी नातू खाली गेला. मागोमाग मीही, शाबासकी घ्यायला. तो बराच वेळ बघत उभा राहिला. ‘थँक्यू आजोबा’ म्हणाला आणि मग हळूच, ‘पण आता त्यांना सगळं दिसणार.’ एवढे बोलून त्याने एकेक दालन उचलून खोक्यात भरायला सुरुवात केली.

माझे काय चुकले हे कळण्यासाठी आधी तो खेळ समजून घेणे भाग होते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या छोट्या गावातून तो प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती अवघी एक हजार प्रतींची. कर्ते दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. यातला गायगॅक्स पूर्वी शिकागोला विमा कंपनीत जोखीम तोलण्याचे काम करी. ती नोकरी गेली तेव्हा त्याने काही काळ जोडे दुरुस्त करून संसार चालवला. कर्जाच्या फायली तपासता तपासता कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला हा मनुष्य एकदम जवळचा वाटला.

खेळात एक जण सूत्रधार असतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. सूत्रधार सांगतो, ‘समोर अंधारा बोळ आहे, डावीकडून पाणी ठिबकल्याचा आवाज येतोय. काय करता?’ खेळाडू आपापले ठरवतात. जिथे यशाची खात्री नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. शेवटी कुणी जिंकत नाही की हरत नाही. गोष्ट पुढे सरकते. न लिहिलेल्या नाटकाचा, प्रेक्षकांशिवाय केलेला प्रयोगच म्हणा ना.

हा प्रयोग नुसत्या कागद-पेन्सिलीवर उत्तम होतो. छोट्या मूर्ती असल्या तर शोभा येईल, नसल्या तरी अडत नाही, असे मूळ पुस्तकातच सांगितले होते. पण काही जणांना ते भुयार डोळ्यांपुढे उभे राहिलेले हवे असते. हे जुळणीचे तुकडे त्यांच्यासाठी. टेबलावरचा एक इंच म्हणजे गोष्टीतले पाच फूट, असे माप ठरलेले असते. मूर्ती इंचाहून थोडी उंच. सगळे तुकडे एकाच मापाचे, त्यामुळे आजच्या देवळाचा उद्या तुरुंग करता येतो.

मला नवल वाटले ते भिंतींचे. नातवाच्या खोक्यातल्या भिंती जेमतेम अर्धा इंच उंचीच्या होत्या, मूर्तींच्या कमरेला लागतील एवढ्या. कारण विचारले तर म्हणाला, ‘पूर्ण भिंत लावली तर टेबलाच्या पलीकडच्या मुलाला आतलं काहीच दिसत नाही. मूर्ती हलवायला हातही जात नाही.’ म्हणून भिंत अर्धीच करायची. वरचा अर्धा भाग आणि छप्पर ज्याने त्याने मनात चढवायचे.

हे सारे अलीकडचे अमेरिकन खूळ असावे असा माझा समज होता. मुलाच्या कपाटातली पुस्तके चाळली तेव्हा मी थेट प्रशियाच्या राजवाड्यात पोचलो. १८१२ साली राइसविट्झ नावाच्या सरदाराने राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याला युद्धाच्या खेळाचे एक टेबल करून दिले. त्याच्या खणांत प्लास्टरच्या रंगवलेल्या चौकोनी फरश्या होत्या. कुणावर रस्ता, कुणावर नदी, कुणावर गाव. हव्या तशा मांडाव्यात आणि नवा मुलूख तयार करावा! म्हणजे माझ्या नातवाचे खोके दोनशे वर्षांपूर्वीच तयार झाले होते.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. राइसविट्झचा मुलगा सैन्यात अधिकारी होता. त्याने १८२४ साली बापाच्या सुबक फरश्या बाजूला ठेवल्या आणि साधा नकाशा घेतला. मधे एक पंच बसवला. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला लिहून देत आणि शत्रूची जी तुकडी खरोखर नजरेच्या टप्प्यात आली असती, तेवढीच पंच नकाशावर मांडी. बाकीचे सैन्य फक्त त्याच्या डोक्यात. लढाई जशी असते तशी टेबलावर आली ती मांडणीच्या सौंदर्याने नव्हे, झाकून ठेवण्यामुळे.

याच परंपरेतून शंभर-दीडशे वर्षांनी अमेरिकेतले हौशी युद्धखेळाडू आले. गायगॅक्सच्या तळघरात वाळूचे टेबल होते. आर्नेसन मुलाच्या घरापासून फार लांबचा नव्हे, नदीपलीकडच्या सेंट पॉलचा. १९७१ च्या सुमारास त्याने तळघरातल्या पिंगपाँगच्या टेबलावर प्लास्टिकचा किल्ला उभा केला आणि मित्रांना सांगितले, आता या किल्ल्याच्या पोटात शिरायचे. किल्ला सर्वांना दिसत होता. खालची भुयारे मात्र आर्नेसनच्या कागदावर होती आणि तो कागद कुणाला दिसत नव्हता.

पुढे त्या भुयारांनाही कारागीर भेटले. स्टीफन पोकोर्नी या शिल्पकाराने १९९६ मध्ये ‘ड्वार्व्हन फोर्ज’ ही कंपनी काढून रेझिनचे रंगवलेले तुकडे विकायला सुरुवात केली. देखणे, जड आणि महाग. २०१३ मध्ये त्याने न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांसाठी लोकांकडे आगाऊ पैसे मागितले, तेव्हा एकोणीस लाख डॉलरच्या घरात रक्कम जमली. ब्रूस हर्स्ट याने रबरी साचे विकले. त्यांत प्लास्टर ओतून इवल्या विटा पाडायच्या आणि गवंड्यासारखे बांधत जायचे. ज्यांना तेही परवडत नाही ते घट्ट थर्माकोलची फळी कापतात, चुरगळलेल्या अॅल्युमिनियमच्या कागदाचा गोळा तिच्यावर फिरवतात की दगडाचा खडबडीतपणा येतो. त्यावर काळा रंग, वर कोरड्या ब्रशने राखाडी हात. आता घरोघरी छोटे त्रिमिती छपाईयंत्र आले आहे. मुलाकडेही आहे. एका फरशीला तास-दीड तास घेते आणि रात्रभर कुरकुरत असते.

‘याचा त्रास एकच,’ मुलगा म्हणाला. ‘तीन रविवार खपून मी एकदा देऊळ बांधलं. मुलं तिकडे फिरकलीच नाहीत, नदीकडे निघाली. एवढं केलेलं फुकट जाईल म्हणून मी त्यांना ओढत देवळात नेलं. मुलं आली, पण खेळ तिथेच मेला.’

थोडे थांबून तो म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला आपला पंचाण्णव सालचा किल्ला आठवतो?’

मला आठवत होता. १९९५ ची दिवाळी. शाखेत तपासणी चालू होती, मी रोज रात्री नवाला घरी येत होतो. मुलाने आणि वाड्यातल्या दोघांनी तीन दिवस माती, विटा, गोणपाट जमवून किल्ला रचला होता. बुरूज कललेला, हळीव अजून उगवायचे होते. वसुबारसेच्या रात्री मी तो पाहिला, मला दया आली आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून प्लास्टरचा तयार किल्ला आणून त्या जागी ठेवला. चार सरळ बुरूज, मधे सिंहासन, रंगसुद्धा दिलेला. मुलाने त्यावर मावळे मांडले आणि पुन्हा तो अंगणात बसला नाही. एवढी वर्षे मी हे माझ्या प्रेमळपणाचे उदाहरण म्हणून मनात जपले होते.

‘त्या कललेल्या बुरुजाखाली चोरवाट होती,’ तो म्हणाला. ‘तुम्हाला दिसली नसणार.’ आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते जास्त लागले.

दुपारी मुले आली. नातवाने मला खोक्याशेजारी स्टुलावर बसवले. ‘मी सांगेन तेवढाच तुकडा ठेवायचा, आजोबा.’ टेबल रिकामे. मी एक फरशी ठेवली, मग बोळाचा तुकडा, मग वळण. प्रत्येक तुकड्यासरशी चार माना पुढे झुकत. एका मुलीने दार ढकलले, फासा टाकला, दार उघडले. मी सिंहासनाचे दालन उचलले. सर्वांत सुंदर तुकडा तो. नातू म्हणाला, ‘आजोबा, थांब. अजून दिवा नाहीये त्यांच्याकडे.’

मग तो हलक्या आवाजात सांगू लागला. आतून थंड वारा येतोय. कुणीतरी श्वास घेतंय. चारही मुले टेबलाच्या उघड्या लाकडाकडे डोळे फाडून बघत होती. तिथे काहीही नव्हते. शेवटी आपापसांत कुजबुजून त्यांनी ठरवले, आत जायचे नाही. दार लावून ती आल्या वाटेने परत फिरली.

मी नातवाकडे पाहिले. एवढे मोठे दालन वाया गेले, त्याला वाईट वाटले असेल, असे मला वाटले. तो पुढची वाट सांगण्यात गढला होता. मी सिंहासन पुन्हा खोक्यात ठेवले.

त्या वर्षी दिवाळीला मी पुण्यात होतो. सोसायटीतल्या मुलांनी जिन्याखाली किल्ला घातला. ‘आजोबा, बादलीभर पाणी आणून द्याल का?’ असे विचारले, ते आणून दिले. बुरूज डावीकडे कलला होता. मी पायरीवर बसून राहिलो.